बसमधली नऊ सेंटिमीटरची माणसं

मेधाला, माझ्या बायकोला, हे अजून माहीत नाही. तिलाच नाही, तर दुसऱ्या कुणाला कुठून असणार? तुम्हाला मात्र सांगतोय—का, ते नीट कळत नाही.

लॉकडाऊन होता. आम्ही परदेशात, वेरिबी नावाच्या उपनगरात. मेधाची आई नाशिकहून दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या, आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकलेल्या. मी तेव्हा रिमोटवर चालणारी एक सिटी बस ऑनलाइन मागवली होती. चाळिशीत—हो. एकदा ती हॉलमधून फिरताना बघून आई म्हणाल्या, रस्त्यावरच्या बस रिकाम्या आणि घरातलीही रिकामीच. हिच्यासाठी मी माणसं करते, फक्त किती उंचीची हवीत ते सांगा.

म्हणजे बसचं स्केल काढायला हवं होतं. काय लागतं त्याला? टेप घ्यायची, बस मोजायची, खऱ्या बसच्या लांबीला त्या आकड्याने भागायचं. मी मीटिंगमध्ये होतो. माईक म्यूट केला आणि कुठल्याशा मॉडेल कारच्या खोक्यावर वाचलेलं स्केल ठोकून दिलं—एकास अठरा. माणूस नऊ सेंटिमीटर.

आईंनी तार आणि लोकर घेऊन बसभर माणसं केली. मास्क लावलेली. एका बाईच्या हातात भाजीची पिशवीसुद्धा. बसवायला गेलो तर डोकी वर आली, बसचा टप लागेना. तेव्हा कुठे मी मोजलं. बस पन्नास सेंटिमीटर, खरी साडेबारा मीटर—एकास पंचवीस. माणूस जेमतेम साडेसहाचा हवा होता.

मेधा समोरच उभी होती. आणि मी—किती सहज—म्हणालो, "आई, मी साडेसहा सांगितलं होतं. तुम्ही नऊ ऐकलंत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मेधाला म्हणाल्या, "ताईचंही असंच सुरू झालं होतं ना गं?"

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. शेवटी शेवटी तिला स्वतःची मुलंही ओळखू येत नव्हती. हे मला ठाऊक होतं. खरं सांगायला त्या क्षणी कितीसा वेळ लागला असता? मी टप पुन्हा लावून बघायला लागलो.

त्यानंतर आई गॅस बंद केलाय का, ते पुन्हा पुन्हा बघायला लागल्या. भाजीत मीठ घातलं का, हे मेधाला विचारायला लागल्या. मेधाने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तपासण्यांत काही निघालं नाही, पण आईंना ते पटेना. मला रोज वाटायचं, आज सांगू. मेधाच्या नजरेतून उतरायचं नव्हतं—एवढंच कारण, दुसरं नाही.

विमानं सुरू झाल्यावर त्या परतल्या, पण नाशिकच्या घरात एकट्या राहायला तयार झाल्या नाहीत. ते घर भाड्याने दिलं. आता त्या नागपूरला मुलाकडे असतात, बाजारातही एकट्या जात नाहीत.

रविवारी त्यांचा फोन येतो. प्रत्येक गोष्ट त्या दोनदा विचारतात, आपण बरोबर ऐकलं ना म्हणून. मी दोनदा सांगतो. जावई किती शांतपणे समजावून सांगतात, असं त्या सगळ्यांजवळ माझं कौतुक करतात.