टॅरोतला घोडेस्वार

पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात मी कारकून होतो आणि भोसरीत एका मावशींच्या घरी खोली घेऊन राहत होतो. गोरे साहेब देश सोडून गेल्याला सात-आठ वर्षं झाली होती, पण त्यांचं सामान पुण्याच्या जुन्या बाजारात अजून विकायला येई. तिथेच मला भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांचा कॅट आणि तो शिकवणारं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं.

पुस्तक मोठं कडक होतं. पत्ते नुसते पाठ करायचे नाहीत. अंघोळ करून, पांढरं नेसून, जमिनीवर वर्तुळ आखून पूर्वेकडे तोंड करून बसायचं आणि रोज एकाच पत्त्याचं ध्यान करायचं. पुढ्यात दंड, चषक, खड्ग आणि चक्र हवं. मी मावशींकडून रवी, तांब्या, विळा आणि पितळी ताटली मागून आणली. त्यांचं ताक घुसळून होईपर्यंत माझी साधना खोळंबे. वर शपथ अशी, की पत्त्यात दिसेल तेच सांगेन, पदरचं घालणार नाही. ती मी खड्या आवाजात घेतली. गोठ्यातल्या म्हशीखेरीज कुणी ऐकली नाही.

मावशींच्या मुलीला आमच्या कारखान्यात बाटल्या भरायचं काम मिळत होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. पोरगी जायला उतावीळ, मावशी अडून बसलेल्या. खंडोबाला कौल लावावा म्हणाल्या, तर गुरव परगावी गेलेला. शेवटी एका सकाळी मुलीला घेऊन त्या माझ्या वर्तुळाबाहेर येऊन बसल्या.

"तुमचा द्येव कौल देतो का बघा. पोरीला धाडू का नगं?"

मी पत्ता काढला. निघाला नेमका मृत्यू. काळ्या चिलखतातला सांगाडा, पांढऱ्या घोड्यावर, हातात निशाण. पुस्तकाच्या मते हा पत्ता मरणाचा नव्हे, जुनं संपून नवं सुरू होण्याचा. पण ती हाडं समोर असताना एका आईला हे पटवणं माझ्या बापालाही जमलं नसतं.

मावशींना मोतीबिंदू होता. त्यांनी पत्ता नाकाशी धरला.

"घोडं हाय. निशाण हाय. म्होरं पिवळ्या झग्यातला हात जोडून उभा, त्यो वाघ्या." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खंडोबाच न्हवं का?"

मुलगी पत्त्याकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मला शपथ मोडायची लाज वाटली आणि त्या पोरीची दया आली.

"खंडोबाच, मावशी," मी म्हणालो.

मावशींनी पत्त्यावर भंडारा वाहिला आणि तो देवघरात ठेवला. माझा कॅट अपुरा पडला, तिथेच विद्या आटोपली.

सोमवारी आम्ही दोघं पिंपरीला चालत निघालो.

"दादा, त्याला डोळंच न्हवतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोल्ले असते तर आज म्हशीमागं असते." ती थोडी चालली. "पर आता जपाया हवं. मला काय झालं तर आई खंडोबाला बोल लावंल."

तो पत्ता नवं सुरू होण्याचा आहे, हे मला तोंडपाठ होतं. तरी पिंपरी येईपर्यंत समोरून बैलगाडी आली, की मी तिच्या आणि बैलांच्या मध्ये येऊन चालत होतो.