दोन दिवसांचं ऊन

सिवनी मागे पडली आणि पाऊस थांबला. नागपूरहून पहाटे निघालेली बस सकाळीच जबलपूरला लागली. मावशीच्या कांचघर मोहल्ल्याचं नाव घेताच रिक्षावाल्याने "बैठो भैया" म्हणत माझी पिशवी आत ओढली.

मी मावशीला न्यायला आलो होतो. आई अंथरुणाला खिळलेली, तब्येत रोज थोडी उतरत चाललेली. मावशीचे गुडघे गेलेले; बसमध्ये किंवा भाड्याच्या गाडीत तिला तासभरही बसवत नाही. म्हणून काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, आपल्या जुन्या मोटारीत तिच्यासाठी एक उंच सीट बसवली होती, पाय लांब करता येतील अशी. ते तोफांच्या कारखान्यात फिटर होते. दोघी बहिणी सहा वर्षांत भेटल्या नव्हत्या.

काका दारातच भेटले. "गाडी चालू नाही होऊन राहिली. कडुनिंबाखाली उभी होती ना. काचेखालच्या नालीत पानं अडकली, पूरा पानी अंदर."

कोपऱ्यावरच्या गॅरेजात रज्जू भैया नावाचे मिस्त्री ढकलत आणलेल्या गाडीतला पायाखालचा गालिचा उचलून बसले होते. त्यांनी एक चपटी पेटी काढली. ईसीएम (इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं हे ठरवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी). तिच्या पिनांवर हिरवट गंज चढला होता. रज्जू भैयांनी आतली सर्किटची पट्टी स्पिरिट आणि दात घासायच्या ब्रशने हळूहळू साफ केली, स्टीलच्या थाळीत ठेवली आणि थाळी गच्चीवर उन्हात नेली.

"दो दिन धूप. तब तक बैटरी से दूर. एक बूँद भी रही और करंट दिया, तो गई."

"और दो दिन बाद कहोगे, दो दिन और," मी म्हणालो.

ते हसले. "धूप मेरी नौकर थोड़े है, भैया. जाइए, भेड़ाघाट घूम आइए."

दुसऱ्या दिवशी गेलो. नर्मदा पावसाने गढूळ झाली होती. धुआंधार धबधब्याचे तुषार लांबूनच चष्म्यावर बसत होते. परतताना बाजारात खोव्याची जलेबी खाल्ली, काळसर, आतून मऊ. तेवढ्यात आईचा फोन आला. "निघाले काय रे तुम्ही?"

मी तडक गॅरेज गाठलं आणि गच्चीवर चढलो. थाळी तापलेली, पट्टी हाताला कोरडी. फसवणारा आधी वेळ मागतो, असं मी स्वतःच ग्राहकांना सावध करणाऱ्या एका पत्रकात लिहिलं होतं. रज्जू भैयांना मी तेच चार गिऱ्हाइकांसमोर चढ्या आवाजात ऐकवलं. लोगों की नासमझी पर दुकान चलाते हो, इथपर्यंत गेलो.

त्यांनी फडक्याला हात पुसले. "लगा लीजिए. मैं नहीं लगाऊँगा."

"काहून घाई करतो बेटा? कल तक रुकते ना," मागोमाग आलेले काका म्हणाले.

"आई वाट पाहून राहिली, काका."

ते चावी घेऊन गाडीत बसले. पेटी मीच जोडली, बॅटरीची तार मीच आवळली. काकांनी चावी फिरवली. इंजिन क्षणभर घुरघुरलं, काका हसले, आणि सगळं बंद पडलं. सीटखालून जळका वास आला.

रज्जू भैयांनी पेटी उघडून पेचकसाच्या टोकाने एक काळा डाग दाखवला. "ऊपर सूखा था. चिप के नीचे नहीं."

"रुकते तो चल जाती?" मी विचारलं.

"शायद." त्याच चार गिऱ्हाइकांसमोर ते एवढंच बोलले. मी माफी मागितली, तेव्हा ते दुसऱ्या पेटीसाठी फोन लावत होते. जुनं मॉडेल, दोन-तीन आठवडे तरी लागणार.

घरी मावशी बॅगेतल्या साड्या एकेक करून परत कपाटात ठेवत होती. "राहू दे बेटा, जेवून जा," म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. आईला मीच सांगतो, असं काकांना म्हणालो. फोन करायची मात्र हिंमत झाली नाही.

परतीच्या बसमध्ये मला झोप नव्हती. अन्यायाची चीड मला चटकन येते. समोर अन्याय खरंच आहे का, हे बघायला वेळ लागतो, आणि तो वेळ मी त्या माणसाला एक दिवससुद्धा दिला नाही.

घराचं दार उघडंच होतं. आतून आईचा आवाज आला. "आलास काय? अरे, असा एकटा पुढे नको येऊ. मावशीले हात दे. पायऱ्या चढायला वेळ लागते तिले."