लातूरचं दुसरं पाणी

त्या वर्षी लातुरात पाणी सोडून सगळं साठत होतं. धूळ साठायची, रिकाम्या घागरी साठायच्या आणि आमच्या अप्पांच्या घरात किस्से साठायचे. एक सांगायला घ्यावा तर टँकर आल्यावर घागरी पुढं सरसावतात तसे मागचे तीन धक्काबुक्की करत येतात. आज रांगेनं सांगतो. ज्याला खोटं वाटेल त्यानं जरा बाजूला सरकावं, मागच्याला जागा करून द्यावी!

लातूर नुकतंच उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झालं होतं. दुष्काळ जुनाच, जिल्हा तेवढा नवा. मी नांदेडकडच्या मुखेडचा, कॉलेजात नवाकोरा लेक्चरर, अप्पांच्या माडीवर भाड्यानं. अप्पा डाळीचे आडते. कपाळावर भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय दुकानाचं कुलूप काढायचे नाहीत. काकू म्हणजे त्यांच्या मंडळी. दोन्ही लेकी लग्न होऊन एक उदगीरला, एक निलंग्याला. घर इतकं रिकामं, की काकू मांजराशी बोलायच्या आणि मांजर कंटाळून माझ्याकडं माडीवर यायचं.

अशा घरात पुण्याच्या एका संस्थेनं फिनलंडचा एक पोरगा वर्षभर राहायला पाठवला. नाव एरिक. शिकायला काय आला होता, तर कोरडवाहू शेती! त्याला सोडायला आलेल्या बाई जाताना बजावून गेल्या, "मी मध्येच येऊन पाहीन हं. पाण्याची गैरसोय दिसली तर याला पुण्याला हलवावं लागेल. नियमच आहे तसा."

"जिल्ह्याचं ठिकाण हाय बाई ह्ये!" अप्पा छाती काढून म्हणाले.

नळाला तेव्हा आठवड्यातून एकदा पाणी यायचं.

* * *

दुसऱ्याच दिवशी सकाळी काकूंनी एरिकला खुणेनं आंघोळीला पाठवलं. मोरीला लागून हौद होता. घराचं आठवड्याचं सगळं पाणी त्यात. अर्धा तास झाला तरी पोरगं बाहेर येईना. अप्पांनी दाराच्या फटीतून पाहिलं आणि उलट्या पावली आले.

"अगं, त्यो हौदात बसलाय! गळ्यापोतर! वर गाणं म्हणून राहिला!"

काकू म्हणाल्या, "बसू द्या. पाहुणं लेकरू हाय. कुणी बोलू नका त्याला, लाजंल."

प्यायचं पाणी शेजारून आलं. बाकी आठवडाभर आमचं सगळ्यांचं धुणं त्या आंघोळीत झालं. आणि काय सांगू, गल्लीत सगळ्यात पांढरं धोतर अप्पांचं! कुणी विचारलं की अप्पा गंभीरपणे सांगायचे,

"साबण इंपोर्टेड हाय."

* * *

त्यानंतर हौदाला पत्र्याचं झाकण आलं, झाकणाला कुलूप आलं आणि किल्ली अप्पांच्या जानव्याला असती, पण अप्पा लिंगायत; म्हणून ती करगोट्याला गेली.

एकदा एरिकनं घरचा फोटो दाखवला. लाकडी घर आणि दारातच तळं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. अप्पांनी तो आडतीवर नेला, मागोमाग आम्ही दोघंही गेलो. शिरूर अनंतपाळचे एक शेतकरी माल घेऊन आले होते. त्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला.

"किती एकर म्हणायचं ह्ये?"

"असेल चार-पाच हजार," एरिकच्या वतीनं मी ठोकून दिलं.

"सगळं भिजलेलं?"

"सगळं!"

त्यांनी फोटो उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग हळूच म्हणाले, "अन् हे लेकरू कोरडवाहू शिकाया आलंय? घरी भांडण झालं का काय त्याचं?"

अप्पांना मात्र वेगळीच शंका होती. "एवढ्या पाण्याला झाकण न्हाई, कुलूप न्हाई?"

एरिकनं मान हलवली.

"तरीच!" अप्पा म्हणाले. "आत बसायची सवय तिथूनच लागली."

* * *

आता काकूंचा कायदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हौदातून निघालं ते पहिलं पाणी. त्यात हात किंवा भाजी धुतली की ते झालं दुसरं. दुसऱ्यात भांडी विसळली की तिसरं. तिसऱ्यानं फरशी पुसली की चौथं, आणि ते अंगणातल्या कडुनिंबाला. मधेच कुठं पाणी सांडलं, तर काकू ओरडायच्या नाहीत. नुसत्या त्या ओल्या जागेकडं बघत बसायच्या. ते जास्त लागायचं.

एरिकनं हे सगळं वहीत आकृती काढून लिहिलं. त्याची मराठीही काकूंकडूनच, म्हणजे अस्सल लातुरी. एकदा सकाळी मी चहाची कपबशी विसळली आणि पाणी भिरकावलं अंगणात. एरिक माडीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला,

"सर! तिसरं होतं ते!"

अप्पा पूजेवरून उठून बाहेर आले. म्हणाले, "आमच्या घरात दोन परदेशी. एक फिनलंडचा, एक नांदेड जिल्ह्याचा. फिनलंडचा लवकर शिकून राहिला!"

* * *

तरीही मी त्याला मुखेडच्या बाजाराला नेलं. एसटीतून उतरलो आणि घोटाळा झाला. आमच्याकडं दुष्काळात गोरा माणूस दिसला की तो बोअरवालाच, अशी समजूत. माझ्या मामांनी त्याला थेट शेतावर नेलं. उन्हानं बेजार होऊन एरिक एका बाभळीखाली मटकन बसला.

मामांनी मला कोपरानं ढोसलं. "हितंच कामून बसला रे?"

मलाही काय अवदसा आठवली! म्हणालो, "मामा, त्यांच्या देशात माणूस पाणी असतं तिथंच बसतो."

झालं! संध्याकाळपर्यंत पोरगं बावीस शेतांत बसलं. बसलं तिथं खुंटी ठोकली गेली. पाणी लागलं का, ते विचारू नका. माझं गाव आहे ते, मला अजून जावं लागतं.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय केलंस रे दिवसभर?"

एरिक भिंतीला टेकून उभाच राहिला. म्हणाला, "बसलो, काकू. लई बसलो."

* * *

तीन महिने झाले तरी एरिकच्या आईचं पत्र येईना. पोस्टमनची वाट बघून पोराचं तोंड उतरायला लागलं. काकूंनी कडुनिंबाखाली दिवा लावला.

मग एके दिवशी मी पोस्टमनला दारातच अप्पांशी भांडताना ऐकलं.

"अप्पा, गाव तेच, गल्ली तीच, नाव तुमचंच! घ्या की!"

"जिल्हा कोणता लिहिलाय?"

"...उस्मानाबाद."

"मंग उस्मानाबादला जा!"

संस्थेनं त्या माउलीला जुना पत्ता दिला होता आणि अप्पा पाठवणाऱ्याचं नाव न बघताच दर पत्रावर 'या गावाचा जिल्हा असा नाही' असं लिहून परत पाठवत होते. तिकडं फिनलंडात आईच्या हातात स्वतःचीच सहा पत्रं परत आलेली. तिनं रडत पुण्याला फोन लावला. आणि पुण्याहून आम्हाला तार आली : 'मुलाची आई काळजीत. गुरुवारी तपासणीस येत आहे.'

एरिकनं सहा पत्रांचं ऐकलं, अप्पांकडं बघितलं आणि म्हणाला, "अप्पा, तुम्ही आमच्या तळ्याला कुलूप लावलं."

अप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

* * *

गुरुवार आला. आणि हौदात वीतभर पाणी! नळाला यायचं ते शनिवारी.

काकू हौदाच्या काठावर बसून होत्या. "नेतील का हो मास्तर त्याला?"

मी काठी बुडवून पाणी पुन्हा मोजलं. वीतच भरलं.

तेवढ्यात समोरच्या वाघमारे सिस्टर, दवाखान्यात नर्स होत्या, कडेवर घागर घेऊन आल्या. "काकू, झाकण उघडा. पोरगं काय एकट्या तुमचं हाय का?" त्यांच्या मागं दुसरी घागर, तिच्या मागं तिसरी. आख्खी गल्ली लागली. अप्पा किल्ली हातात धरून दाराशी उभे, प्रत्येकाला नमस्कार करत. दहा वाजेपर्यंत हौद काठोकाठ! गल्लीतल्या एका घरात प्यायला घोट उरला नव्हता, पण कुणाच्या चेहऱ्यावर दिसेल तर शपथ.

एरिकला अप्पांनी दम भरला, "आज तू काहीच बोलू नगंस. नुसता हास."

बाई आल्या. हौद बघितला, खूश झाल्या. "वा! आम्हाला उगीचच काळजी वाटत होती." काकूंनी चहा दिला. बाईंनी तो घेतला, कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि हात धुवायला हौदाशी गेल्या. तांब्या बुडवून भरला. तिरका केला.

आणि एरिक कोपऱ्यातलं घमेलं घेऊन धावत सुटला! बाईंच्या हाताखाली घमेलं सरकवत ओरडला, "बाई, थांबा! दुसरं हाय ते! दुसरं!"

बाईंनी घमेल्याकडं पाहिलं, हौदाकडं पाहिलं, मग दाराबाहेर रिकाम्या घागरींची रांग होती तिच्याकडं पाहिलं.

काकूंनी पदर तोंडाला लावला. "खोटं बोललो बाई. पाणी न्हाई आमच्यात. ह्ये गल्लीचं हाय. न्या त्याला."

बाईंनी पेन काढलं. आवाज मऊ होता, पण पेन काढलंच. "एरिक, सामान भर बाळा. पुण्याला चोवीस तास नळ आहे. हवं तेवढं पाणी."

एरिकनं घमेलं खाली ठेवलं. "बाई, हात धुतले की मंग ते पाणी कुठं जातं?"

"कुठं म्हणजे? गटारात."

"सगळं?"

"हो, सगळं."

एरिकनं काकूंकडं पाहिलं. काकूंनी एरिककडं. दोघांचे चेहरे असे, जणू कुणाच्या तरी घरी काहीतरी वाईट घडल्याचं कळलंय.

"मंग मी न्हाई येत," एरिक म्हणाला. "पुण्यात दुसरं पाणीच न्हाई!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. स्वतःची चहाची कपबशी उचलली, खाली बसल्या, त्या घमेल्यात नीट विसळली आणि काकूंना विचारलं,

"हे आता तिसरं झालं ना हो?"