ताकावरची विरहगीतं

बाबू गेल्याचा फोन आला तेव्हा मी केजच्या बाजारात होतो. शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला सांगितलं, तर तो म्हणाला, "दारूनंच गेला असंल." मातीला जमलेल्या आणखी दोघा-तिघांकडून हेच वाक्य ऐकलं, एकदा तर बाबूच्या बायकोच्या, सखूवहिनींच्या देखत. म्हणून हे लिहितो आहे. माझा हा मित्र झोपेत, हृदय बंद पडून गेला. दारू त्यानं कित्येक वर्षांपूर्वीच सोडली होती.

लोकांचं तरी काय चुकलं म्हणा… नांदूरघाटच्या आसपास हळद असली की बाबूचं गाणं ठरलेलं. दिवसभर शेळ्या राखणारा हा माणूस संध्याकाळी हातात ग्लास घेऊन उभा राहायचा आणि सोडून गेलेल्या प्रेयसीची, तिला विसरायला रिचवलेल्या पेल्यांची गाणी म्हणायचा. लग्नघरात असली गाणी! पण फर्माईश त्यांचीच. पोरं विचारायची, "काका, कोण सोडून गेलतं?" "सोडून जायला आदी यावं लागतं बे," बाबू म्हणायचा.

मग कावीळ झाली. पुन्हा प्यालात तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबूनं दारू सोडली आणि गाणंही. गळा दारूवरच चालतो, अशी त्याची पक्की समजूत. अख्खी लगीनसराई तो घरात बसून राहिला. "हे काय जगणं हाय का?" असं मला म्हणाला, ते वहिनींनी ऐकलं. गाण्यापायी हा माणूस पुन्हा बाटली धरणार, हे त्यांनी ओळखलं. एका दुपारी मी गेलो तर चुलीपुढून त्याला दटावत होत्या, "मी भाकरी थापते, तुमी म्हणा."

"कोरड्या गळ्यानं?"

"मंग हे घ्या." त्यांनी ताकाचा ग्लास पुढं सरकवला.

पहिल्याच ओळीला आवाज फाटला. "आपल्या शेळ्या बऱ्या वरडत्यात," वहिनी म्हणाल्या. बाबू हसला… आणि भाकरीच्या थापांवर ताल धरून पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला.

माझ्या मुलीच्या हळदीला तो ग्लास घेऊन उभा राहिला. तेच डुलणं, तेच मिटलेले डोळे. माझे मेहुणे कानाशी लागले, "लई चढलीय गड्याला." मला खात्री केल्याशिवाय चैन पडत नाही. गाणं संपल्यावर त्याच्या हातातला ग्लास घेऊन मी तोंडाला लावला. जिरं घातलेलं ताक. "गप बस बे," बाबू पुटपुटला, "कळलं तर कुणी रडायचं न्हाई." पुढं प्रत्येक हळदीत त्यानं हे सोंग वठवलं आणि मीही गप्प राहिलो.

परवा वहिनींकडे गेलो होतो. त्या भाकरी थापत होत्या. "लोक काहीबाही बोलतात. खरं काय ते लिहू का?" मी विचारलं.

"लिवा, भाऊजी. त्यायच्या सोंगाची गंमत जाईल, पर लिवा."

हात पुन्हा चालू लागला, संथ, एका लयीत. मग पीठ ओलं असताना, भाकरी अर्धी असताना मध्येच थांबला.

"काय झालं?"

"काय न्हाई," वहिनी म्हणाल्या. "हितं ते श्वास घ्यायचे."