चहावालीचं कुंकू

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं फारसं काही लपत नाही. नव्या घोडेस्वाराची किंमत मी अर्धी करून सांगतो, हेसुद्धा तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

घोडेस्वार म्हणजे टेबलावरचे हो. शिशाचे, बोटाच्या दीड पेराएवढे. कोणी नाणी जमवतं, कोणी तिकिटं. मी नेपोलियनच्या काळातल्या पलटणी जमवतो, विलायतेत ओतलेल्या, जुन्या. त्या टेबलावर मांडायच्या, फासे टाकायचे, फूटपट्टीनं चाल मोजायची आणि दोनशे वर्षांपूर्वीची लढाई पुन्हा लढायची. शिरूरमध्ये राहून हा नाद कुठून लागला, असं लोक विचारतात. दौंडमधून लागला.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत आप्पा राहायचे. मालगाडीचे गार्ड, माझ्या वडिलांचे दोस्त. कॉलनीतला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर देश सोडून जाताना एक लाकडी पेटी त्यांच्या हवाली करून गेला. पेटीत अख्खी फ्रेंच पलटण. कॉलेजात असताना मी ती पहिल्यांदा पाहिली आणि वेडा झालो. पुढं रांजणगावच्या कंपनीत पेंट शॉपला लागलो, लग्न झालं, मुलं झाली — पण रविवारी गाडीला किक मारून न्हावऱ्यावरून दौंड गाठायचं, हे काही सुटलं नाही. आप्पा कायम फ्रेंच, मी कायम इंग्रज.

आणि माई. आप्पांची बायको. जुन्या हिरव्या झेंड्या जोडून तिनं टेबलभर चादर शिवली होती, तीच आमची रणभूमी. फासा टेबलाखाली पडला की तो माईचा, ती वाकून बघेल आणि सांगेल तो आकडा! आता सांगा, ती कोणाच्या बाजूनं सांगणार? मी कितीतरी लढाया टेबलाखाली हरलो आहे. ऐन धुमश्चक्रीत ती चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "मेल्यांनो, त्या घोड्यास्नी तरी पानी दाखवा की." ते दिवस आठवले की अजून आल्याचा वास येतो.

माई गेली. बरेच महिने पेटी उघडली नाही. मग एका रविवारी आप्पांनीच बोलावलं. मांडणी तयार होती, आणि फ्रेंचांच्या मागं एक बाई उभी होती. तशी ती पेटीत पहिल्यापासून होती. पलटणीबरोबर पाठीला पिंप अडकवून सैनिकांना दारू पाजत फिरणाऱ्या बायका असायच्या, त्यांतली एक. आप्पांनी ती नव्यानं रंगवली होती. झग्याला माईच्या पातळाचा हिरवा रंग. कपाळावर कुंकवाचा ठिपका.

"दारूबिरू काय न्हाई," आप्पा म्हणाले, "चहावाली हाय. ही जवळ हाय तवर पलटण पळायची न्हाई."

हा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. पण मी मानला. कोणी नसता मानला?

इथवर मी बरा माणूस आहे, नाही का? म्हणूनच इथं रेंगाळतोय.

पुण्याच्या संग्राहकांचा एक ग्रुप आहे व्हॉट्सअ‍ॅपवर. कॉलरचा रंग चुकला तरी फाडून खाणारी मंडळी, आणि त्यांत मी पुढं. त्यांना आप्पांच्या पेटीचे फोटो हवे होते. फ्रेंच बाईच्या कपाळावर कुंकू बघून ते हसले असते. मग तिला फोटोतून वगळायचं होतं — एवढं सोपं होतं! पण मला पलटण पुरी दाखवायची होती. त्यातच तिच्या पायाखालची चकती निखळली. आप्पांनी बाई माझ्या हातात दिली. "तेवढी चकती चिकटवून आन."

तेवढीच. दुसरं काही सांगितलं नव्हतं.

मी घरी आणून तिला वाटीभर जंतुनाशकात बुडवलं. जुना रंग सोडवायची आमची ही नेहमीची रीत. मग दातांच्या ब्रशनं घासलं. आधी कुंकू गेलं. ते जाताना मी पाहिलं, आणि घासत राहिलो. नंतर निळं जाकीट, लाल काठ, पिंपावर पितळी पट्ट्या — अगदी पुस्तकातल्यासारखी रंगवली. ग्रुपवर वाहवा झाली. मी आठवडाभर हवेत होतो, तेही सांगून टाकतो.

आप्पांना तेव्हा मोतीबिंदू होता. त्यांनी तिला तळहातावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. "कुंकू शाबूत हाय न्हवं?"

"आहे, आप्पा."

बस, हेच ते. पुढं किती रविवार ते तिला चाचपून जागेवर ठेवत राहिले आणि मी त्यांची पलटण पळू दिली नाही. त्यानं काय फिटतं? कुठल्याही रविवारी सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मग आप्पांच्या लेकीनं त्यांचं ऑपरेशन करवून घेतलं. पट्टी निघाल्याचं कळलं आणि मला कंपनीत एकाएकी ओव्हरटाइम लागू लागला — असं मी त्यांना सांगायचो. शेवटी त्यांचाच फोन आला. "येतोस का रं? समदं सोच्छ दिसतंय आता."

गेलो. मांडणी झालेली होती. ती टेबलावर नव्हती. मी फासे हातात घेतले. एक फासा टेबलाखाली गेला आणि आम्ही दोघंही क्षणभर थांबलो. मग आप्पांनीच वाकून तो उचलला. आकडा वाईट होता. त्यांची पलटण मोडली. सवयीनं मी हात आवरला.

"पळू दे," आप्पा म्हणाले. स्वतःच एकेक शिपाई उचलून बाजूला ठेवले.

निघताना त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. "लई झ्याक रंगवलीस. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे." मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला. राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. पुरचुंडी खिशात घातली आणि गाडीला किक मारली.

आता आप्पाही नाहीत. पेटी लेकीनं मला दिली — बाबांची तशी इच्छा होती म्हणाली. बाई माझ्या कपाटात काचेमागं पहिल्या रांगेत आहे. येणारे भिंग लावून तिचा लाल काठ बघतात, मान डोलावतात आणि विचारतात, मूळचा रंग ठेवला नाहीत का?

पार उडाला होता, मी सांगतो.