पाहुण्या नाकाची परीक्षा

जळक्या भिंतीवरची काजळी आणि घरातले किस्से यांची जात एकच. एक थर पुसावा तर खाली दुसरा तयारच! चिखलीच्या आमच्या गल्लीत माझ्या स्वयंपाकघराला आग लागली त्याला वर्ष झालं, पण मी आणि विमल चहाला बसलो की अजून एखादा थर निघतोच.

आग माझ्यामुळेच लागली, सांगायला लाज कसली? कुरडया तळायला कढई ठेवली आणि पुण्याच्या मुलाशी, अनिलशी, फोनवर भांडत बसले.

"आई, तू एकटी काऊन राहून राह्यली? इकडे ये."

"मले काही होत नाही!" मी ठणकावलं, आणि मागे पडदा पेटला.

शेजारची विमल रिटायर नर्स. तिनं गॅस बंद केला, ओली पोती टाकली, आग विझवली. मग उरलेली सगळी आग तोंडानं माझ्यावर पाखडली!

दुसऱ्या दिवशी अनिल हजर. घरभर हुंगत फिरला. "पंधरा दिवस देतो. उंबऱ्यात उभा राहून श्वास घेईन. धुराचा वास आला तर घराले कुलूप, अन् तू पुण्याले!"

"अन् नाही आला तर?"

"तर पुण्याचं नाव काढणार नाही."

जाताना माझी गोधडी 'मशीनमधे धुऊन आणतो' म्हणून बॅगेत कोंबून घेऊन गेला.

*

मी शाळा पाहिली नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले. सगळं आपलं आपणच शिकलेलं, मग भिंत पुसायला कोणाला विचारणार? घेतलं ओलं फडकं आणि फिरवलं. काजळी निघायच्या ऐवजी पसरली. पांढऱ्या भिंतीवर काळाकुट्ट ढग!

विमल म्हणाली, "वा! आता पाऊसच पडायचा राह्यला."

रागारागात भाकरी टाकायचं सोडून पोळ्यांची कणीक मळली. त्याच हातानं भिंतीला टेकले, तर कणकेला काजळी चिकटून आली, भिंत कोरडी आणि पांढरी! मग काय, गोळे करकरून आम्ही दोघींनी सगळ्या भिंती टिपल्या. ढगाला तेवढा सोड्याचं पाणी आणि चुना लागला.

"इतकी कणीक माह्या लग्नातही मळली नव्हती," विमल म्हणाली.

*

कोणीतरी सांगितलं, कापलेला कांदा वास ओढतो. मी बारा ताटल्यांत कांदा मांडला, खोलीखोलीत.

त्याच दुपारी उंद्रीहून नणंद आली, आगीची विचारपूस करायला. पदर नाकाला लावूनच आत शिरली. ताटल्या पाहिल्या, पदर खाली आला, पाय धुतले, मांडी घालून बसली.

"वहिनी, एवढं कशाले केलं माह्यासाठी? भाकरी कुठं हाये?"

*

बाराव्या दिवशी नवाच घोळ. आमच्या नाकांना काही कळेचना! त्याच हवेत राहून नाकं निगरगट्ट झालेली. पाहुणं नाक पाहिजे होतं. दारावर भाजीवाली आली, तिला हाताला धरून आत ओढलं.

"भाजी नको. वास घे!"

बिचारीनं घाबरत घाबरत श्वास घेतला. "मावशी, धूर नाही. पण काहीतरी मेलं हाये."

पलंगाखाली कांद्याची विसरलेली बारावी ताटली निघाली!

*

चौदाव्या दिवशी घर कसं लख्ख. पंख्याची पाती, कपाटाचे कप्पे, दाराची वरची कड, सगळं धुतलेलं. किल्ली विमलकडे देऊन मी बाजारात गेले. परत येते तर खिडकीतून धूर! पिशवी टाकून धावले.

आत समोरच्या घरचे गुरुजी हवनकुंड मांडून बसलेले. शेजारी विमल, खाली मान घालून.

"गुरुजी, हे काय?"

"अग्निशांती, काकू. एवढी आग लागली, शांती नको? तुम्ही नको म्हणाल, म्हणून तुम्ही नसताना केली. आणि हा मंगल धूर, तो वेगळा असतो."

"धूर वेगळा असन, नाक तेच हाये!"

विमलला विचारलं, "तू काऊन दार उघडलं?"

"मले वाटलं, प्रसाद द्यायपुरते आले."

मग शांती झालेल्या घरात तिघांनी मिळून पुन्हा भिंती टिपल्या. गुरुजींनी कणीक फार सुरेख मळली!

*

पंधराव्या दिवशी अनिल आला. बॅग खांद्यावर, उंबऱ्यात उभा. डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"येते, आई. धूर येते."

मी गुरुजींकडे डोळे वटारले. गुरुजी तर देवाचं नाव घेत भिंतीला टेकले.

विमल मात्र पुढे झाली. चौकट हुंगली. दार हुंगलं. मग अनिलला हुंगायला लागली. त्याच्या खांद्याशी थांबली, बॅगेची चेन सर्रकन ओढली.

माझी गोधडी! नेली तशीच, काळी, धुरकट, नीट घडी घातलेली.

"काऊन बे?" मी ओरडले. "पंधरा दिवसांत धुतली नाही?"

चाळिशीतला माणूस, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला. "धुवायलेच नेली होती. मग रोज अंगावर घेत गेलो. धुतली असती तर घरचाही वास गेला असता."

गुरुजींनी उगाच घसा खाकरला.

मी पदर खोचला.

"आत ये," म्हटलं. "पण ते बोचकं बाहेर ठेव!"