तिसऱ्या रांगेतली शिट्टी

माझी मोठी बहीण रेकॉर्डच्या कारखान्यात सव्वीस वर्षं नुसती ऐकत होती. तिचं कामच ते. छापून आलेल्या दर शंभरातली एक रेकॉर्ड काढायची, काचेच्या खोलीत बसून हेडफोनवर शेवटपर्यंत ऐकायची आणि चिठ्ठीवर खूण करायची: तडतड, खरखर, सुईची उडी. गाणं चांगलं की वाईट, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. घरीही तीच सवय. दूधवाला ‘आज दूध घट्ट आहे’ म्हणाला, की ती आधी त्याचा आवाज तपासायची, मग दूध.

फक्त दाजींचं ती बिनतपासणी खरं मानायची. दाजी बस चालवायचे. लग्नाआधी त्यांनी तिला सांगितलं होतं, की त्या गाजलेल्या रॉक मैफलीत ते तिसऱ्या रांगेत होते. त्या दिवशी ऐन रंगात गायकाचा घसा बसला आणि मैदानातल्या हजारो लोकांनी त्याचं गाणं त्याच्यासाठी पुरं केलं. मैफलीची रेकॉर्ड निघाली, घरोघरी पोचली. “दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी लांब शिट्टी आहे ना, ती माझी,” दाजी म्हणाले. आठ दिवसांत ताईने होकार कळवला. पुढे दाजींचे पुढचे दात गेले, शिट्टी गेली. गोष्ट तेवढी राहिली.

मैफलीला पंचवीस वर्षं झाली म्हणून रेकॉर्ड पुन्हा छापायला आली आणि ताईने ती प्रथमच कामाच्या कानाने ऐकली. शेवटची शिट्टी आली. तिच्यामागून कुणीतरी दोनदा खोकलं. ताईने रेकॉर्ड उलटली. पहिल्या बाजूला, दुसऱ्या गाण्यानंतर तीच शिट्टी, तोच खोकला. मग तिने कपाटातून दुसऱ्याच बँडची, दुसऱ्याच शहरातली मैफल काढली. तिथेही शिट्टी, खोकला. म्हणजे टाळ्या-शिट्ट्यांची एक तयार टेप होती आणि लागेल तिथे ती जोडत होते.

चिठ्ठीवर ‘खोटं’ असा रकाना नव्हता. ‘दोष नाही’ लिहून ती घरी आली.

पंधरा दिवस तिने ताकास तूर लागू दिली नाही. दाजी भाजी घेऊन आले की कुठल्या दुकानातून, वाटेत कोण भेटलं, एवढंच विचारायची. दाजी मला म्हणाले, “तुझी बहीण हल्ली पोलिसात आहे का गं?”

रविवारी मी चहाला गेले होते, तेव्हा ते फुटलं.

“अहो, गायकाने माइक लोकांकडे धरला, तो कुठल्या हातात?”

“उजव्या.”

“रेकॉर्डच्या पाकिटावरच्या फोटोत डाव्या हातात आहे.”

दाजींनी बिस्कीट चहात बुडवलं. ते तुटून तळाला गेलं, तरी ते कपातच बघत राहिले.

“मी आत नव्हतो,” ते म्हणाले. “मैदानाबाहेर बस घेऊन उभा होतो. भिंतीपलीकडे त्याचा आवाज बंद पडला, मग सगळ्यांचा सुरू झाला. नंतर तीच माणसं माझ्या गाडीत बसली आणि डेपोपर्यंत तेच गाणं. थांबा आला तरी कुणी उतरेना. शिट्टी मी तिथे वाजवली, गाडीत.”

“मग तिसरी रांग कुठून आली?”

“तू इतकं कान देऊन ऐकत होतीस. बसचं सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

ताईने पुढचा प्रश्न टाकला. “बसमध्ये गाणं कुणी सुरू केलं?”

“मागच्या बाकावरच्या एका बाईने. फार वरचा सूर धरला तिने. मधेच धाप लागली, मग बाकीच्यांनी खाली आणला.”

ताईने कप बाजूला सारला.

“आता पहिल्यापासून सांगा,” ती म्हणाली. “आणि उद्या परत विचारणार आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मला कळेल.”

मग काचेच्या खोलीत मिटायची तसे तिने डोळे मिटून घेतले. दाजींनी घसा साफ केला.